क्लच जड लागतो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण आजवर त्यातल्या एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. ज्याचा संदर्भ दाखवता येत नाही ते बोलू नये, ही तिथली सवय. आता माझ्याकडेच सांगण्यासारखं काही आहे आणि संदर्भ म्हणून दाखवायला काहीच नाही... म्हणून सावकाश, जसं झालं तसं लिहिते.

आम्ही इंदूरचे. यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, सियागंजात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मुख्य माल क्लच प्लेट आणि ब्रेकचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, स्वतःच्या जुन्या गाडीचा क्लच यांनी कधी बदलला नाही. तो अर्ध्यावर अडायचा आणि मग एकदम सुटायचा. मिस्त्री चिडायचा, "भिया, दुकान में माल भरा पड़ा है, एक प्लेट खुद की गाड़ी में भी डाल लो!" हे म्हणायचे, "राहू दे रे, माझ्या पायाला सवय आहे."

मागच्या वर्षी यांच्या मनात प्लग-इन हायब्रिड भरली. घरी चार्ज करायची, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. पहिलं मॉडेल बघून आले ते नाक मुरडूनच. डिकी सगळी बॅटरीनं व्यापलेली, मागे बसलं की गुडघे वर. पुढे कंपनीनं तीच गाडी नव्यानं घडवून आणली, तेव्हा हे दोनदा चालवून आले आणि बुक करूनच घरी परतले. त्या गाडीला क्लच नसतो. बाजारात भरपूर थट्टा झाली. "क्लच बेचने वाला बिना क्लच की गाड़ी ले रिया है, भिया! अपने ही धंदे पे लात?" हे खूश होऊन ते मला घरी सांगायचे.

गाडी आली तेव्हा हे नव्हते. झोपेतच गेले. तेरावं होऊन काही दिवस झाले होते, आणि शोरूमवाल्यांनी गाडी फाटकाशी आणून लावली. तिला लाल रिबीन बांधलेली होती... ती मी सोडली.

मुलगा अनिकेत बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "आई, तू तर चालवत नाहीस. ड्रायव्हर ठेवून बघ, नाही जमलं तर विकून टाकू." मला विकायची नव्हती. यांनी स्वतःच्या हातांनी पारखून निवडलेली ती शेवटची वस्तू होती.

परदेशीपुऱ्यातले दिनेशजी ड्रायव्हर म्हणून आले. वय पन्नाशीचं, बोलणं भरपूर. पहिल्या दिवशी राजवाड्याकडून घरी परतल्यावर मी विचारलं, गाडी कशी वाटली? हे नेहमी म्हणायचे, गाडीबद्दल चालवणाऱ्याला विचारावं, विकणाऱ्याला नाही.

"गाड़ी तो मक्खन है, मैडम. बस आवाज़ नहीं है. बाज़ार में कोई हटता ही नहीं, बिल्ली जैसी पीछे जाके खड़ी हो जाती है. और क्लच ज़रा टाइट है."

मी हसले. "दिनेशजी, या गाडीला क्लचच नाही."

"क्या बात करते हो मैडम, सुबह से दबा रहा हूँ!"

त्यांनी वाकून खाली पाहिलं. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, एवढंच. डावीकडे पाय टेकवायला एक घट्ट बसवलेली पट्टी. तेही हसले, म्हणाले, आदत है.

सवयच असणार. मीही तेच धरलं. पण पुढच्या दिवशी पुन्हा तेच, त्यानंतरही तेच. मग एका दुपारी किल्ली माझ्या हातात ठेवत ते म्हणाले, "आधे पे अटकता है मैडम, फिर एकदम से छूटता है. मेरा घुटना सूज गया. मेरे से नहीं होगा, आप दूसरा देख लो."

जुन्या गाडीबद्दल मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. ती गाडी केव्हाच भंगारात गेली होती.

तरी मी स्वतःची समजूत घातली. इतकी वर्षं गिअरच्या गाड्या चालवलेला माणूस, पाय आपोआप जातो... मग यांचा भाचा कौस्तुभ आला. या मुलानं आयुष्यात फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवलेली. क्लच म्हणजे काय ते त्याच्या पायाला ठाऊकच नाही. मी मुद्दामच काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, एक चक्कर मारून ये आणि कशी आहे ते सांग.

परत आला तो स्क्रीनचंच कौतुक करत. "मामी, सॉलिड गाडी आहे यार, मामाची चॉइस एकदम झकास! फक्त ते डावीकडचं काय आहे? पाय ठेवला की आत जातं, आणि मधेच अटकतं."

"दाखव बघू."

त्यानं दार उघडून हातानं ती पट्टी दाबली. मग दोन्ही हातांनी. ती हलली नाही. "अभी तो जा रहा था..." म्हणाला, आणि बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. चहा न घेताच गेला.

सर्व्हिस सेंटरवाल्यांना बोलावून गाडी ट्रकवर घालून नेली, मीही गेले. तिथल्या साहेबांनी ती वर उचलून खालून पाहिली, कॉम्प्युटर लावला. "फुटरेस्ट है मैडम, हिल ही नहीं सकता. नई डिज़ाइन है, लोगों को टाइम लगता है." मी विनंती केली म्हणून ते स्वतः एक फेरी मारून आले. उतरले ते डावा गुडघा चोळत.

"तुम्हाला काही जाणवलं का?"

"सिस्टम में कोई फॉल्ट नहीं आ रहा, मैडम." माझ्याकडे न बघताच बोलले.

अनिकेतला आता गिऱ्हाईक मिळालं होतं. "आई, ड्रायव्हर टिकत नाही, गाडी नुसती उभी. रविवारपर्यंत सांग, मी त्यांना हो म्हणून टाकतो."

मग मी ठरवलं, आपणच बघावं. लायसन्स आहे माझ्याकडे. लग्नानंतर यांनीच शिकवलं होतं, पण त्या क्लचनं मला कधी दाद दिली नाही, प्रत्येक चौकात गाडी बंद पडायची, म्हणून सोडून दिलं होतं. सकाळी कॉलनीचा रस्ता मोकळा असतो. मी बसले, बटण दाबलं, डावा पाय पट्टीवर ठेवला आणि निघाले.

काहीच नाही.

पट्टी दगडासारखी. गाडी मात्र किती अलगद गेली! बगीच्याला वळसा घातला, पुन्हा घातला. पाय दाबून पाहिला, टाच रोवून पाहिली. शेवटी, लिहायला संकोच वाटतो, पण "अहो" अशी हाकही मारली. दिनेशजींना कळावं, कौस्तुभला कळावं, सर्व्हिस सेंटरच्या परक्या माणसाला कळावं... आणि मलाच नाही? इतका राग मला यांचा जिवंतपणी कधी आला नव्हता.

घरी येऊन दिनेशजींना फोन लावला.

"ठीक हो गया क्या, मैडम?"

"नाही. आणि ठीक करायचंही नाही. तुम्ही या. गाडी थोडीच काढू. फक्त उतरल्यावर मला सांगायचं, क्लच कसा होता."

त्यांनी विचारलं, "कंपनी वालों को बताना है?"

"मला."

ते आले. का आले ते मी विचारलं नाही. अनिकेतला कळवलं, गाडी विकायची नाही. त्यानं कारण विचारलं, मी म्हटलं, सोयीची आहे.

तेव्हापासून रोजचा क्रम झाला आहे. दिनेशजी गाडी लावतात, गुडघ्याला पट्टा बांधतात आणि सांगतात. आज टाइट था. आज पुल के नीचे बहुत अटका. मी ऐकून घेते. याचा अर्थ काय, मला माहीत नाही. ज्यांना विज्ञान कळतं त्यांना विचारलं, ज्यांना बाकीचं कळतं त्यांनाही विचारलं. दोघांच्याही उत्तरांनी समाधान झालं नाही.

मी नेहमी मागे बसते. काल मागच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या होत्या, म्हणून पुढे बसले, दिनेशजींच्या शेजारी. घरी पोचल्यावर ते म्हणाले, "आज तो एकदम हल्का था, मैडम. लगा ही नहीं कि है."

हलका झाला म्हणजे यांना बरं वाटलं, की हे निघाले? रात्रभर याचाच विचार करते आहे. आज पुन्हा बाजारात जायचं आहे, आणि पुढे बसावं की मागे, ते माझं अजून ठरत नाही.