काकांच्या काडतुसांना कुंकू

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. चिंचवडच्या एका कारखान्यात मी सात वर्षं इन्स्पेक्शनला होते. शॉपवरची पोरं माझ्यामागे मला 'रिजेक्टबाई' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. मग लग्न झालं आणि दोन हजार तीन साली नवऱ्याच्या नोकरीपायी मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत येऊन पडले. माझ्या व्हिसावर मला नोकरी करायला मनाई. हाताला व्हर्निअरची सवय आणि समोर मोजायला काय, तर ब्रेडचे स्लाइस. पहिल्या हिवाळ्यात मी तेही मोजले. नवऱ्याने घडी घातलेले शर्ट मी परत पाठवायला लागले तेव्हा तो म्हणाला, "यार, तू एखादा हॉबी क्लास जॉइन कर."

हॉबी दुसऱ्या वर्षी आपणहून दारात आली. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि येताना चकलीचा सोऱ्या पुण्यातच विसरून आल्या होत्या. त्यावरून महिनाभर हळहळ चालली होती. अशात एक दिवस दारात एक खोकं आलं. उचलताना कंबर धरावी इतकं जड. बाहेर चित्र होतं : एक उभा लोखंडी सांगाडा, त्याला लांब दांडा आणि मधोमध वर-खाली होणारा दट्ट्या. सासूबाईंनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"अगं, सोऱ्या. मी उगीच जीव खात होते. त्याने मागवला बघ माझ्यासाठी."

आता मी इंजिनिअर. खोक्यावरचं नाव वाचायला नको का मी? पण माझंही लक्ष दट्ट्यावर गेलं होतं. आम्ही दोघींनी कात्रीने खोकं फोडलं. आत तो सांगाडा, एक छोटा डिजिटल काटा, प्लॅस्टिकचं व्हर्निअर, भिंग आणि एक माहितीपुस्तिका. मी पहिलं पान उघडलं आणि खाली बसले.

"आई, हा सोऱ्या नाहीये. ह्याने बंदुकीची काडतुसं भरतात."

"काय भरतात त्यात?"

"दारू."

सासूबाईंनी हात झटकला. "शी. अमेरिकेतले लोक दारू प्यायलाही मशीन वापरतात का?"

ती ही दारू नव्हे, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्यात खोक्यावरचं नाव वाचलं. शेजारच्या काकांचं होतं.

हे काका म्हणजे निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. पंचाहत्तरीचे, उंच, एकटे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना 'काका' म्हटलं आणि त्यांना वाटलं आमच्या भाषेत 'हॅलो'ला काका म्हणतात. तेव्हापासून ते आम्हा दोघींना हात करून "काका" म्हणायचे. मी फोडलेलं खोकं घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेले, माफी मागितली आणि आम्हाला काय वाटलं होतं तेही सांगितलं. चकली कशी असते हे मला हवेत बोट फिरवून दाखवावं लागलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तिथेच मला निघता आलं असतं. पण त्यांनी तो सांगाडा, म्हणजे काडतुसं भरायचा प्रेस, टेबलाला बोल्टने बसवला, दांडा ओढला आणि माझ्या कानावर आवाज आला. खट-खट. दांड्यात प्ले होता, म्हणजे ढिलेपणा. थोडाथोडका नव्हे, आपल्याकडच्या बसच्या गिअरला असतो तेवढा.

"हे कुठून घेतलंत तुम्ही?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"कॅटलॉगमधून. सगळ्यात स्वस्त सेट होता."

"ते दिसतंय."

आता काकांना ह्या भानगडीची गरज का पडली, ते सांगते. त्यांच्या वडिलांची एक जुनी शिकारीची बंदूक होती. तिला लागणारी काडतुसं कंपनीने केव्हाच बंद केली होती, दुकानात मिळत नव्हती. म्हणजे जुन्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि पुन्हा पुन्हा भरायच्या. गेल्या वर्षीच्या सेटने, तो ह्याहूनही स्वस्त होता म्हणे, डझनभर पुंगळ्या चेपून टाकल्या. उरल्या एकोणीस. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो. त्या दिवशी काका आणि त्यांचा थोरला भाऊ वडिलांच्या उत्तरेकडच्या खोपटावर जायचे. दर वर्षी, न चुकता. भावाची नजर आता पूर्ण गेली होती आणि वसंतात तो मुलीकडे ॲरिझोनाला कायमचा जाणार होता.

"त्याला दिसत नाही," काका म्हणाले, "पण कान शाबूत आहेत. मला त्याला डॅडची बंदूक एकदा ऐकवायची आहे. हरीण मिळो न मिळो."

हे ऐकल्यावर मी घरी जाऊन ॲप्रन घालून परत आले.

नवऱ्याने संध्याकाळी ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "आपली ग्रीन कार्डची प्रोसेस चाललीये आणि तू काडतुसं भरतेस?"

"भरत नाहीये. तपासतेय. दारूला मी हात लावत नाही."

"व्हिसाच्या नियमात हे काम धरतात का पण?"

"पगार नाही, सुट्टी नाही, कौतुक नाही. हे घरकाम धरतात," मी म्हटलं.

तर स्वस्तातल्या मालाबद्दल माझा रिपोर्ट असा. प्रेसच्या दांड्यातला प्ले मी वॉशर घालून निम्मा केला, तरी तो तिरका तो तिरकाच. व्हर्निअरचा आकडा थंडीत एक यायचा आणि हातात धरून गरम झालं की दुसरा. भिंग मुठीतून सुटून दोनदा माझ्या पायावर पडलं आणि तिसऱ्यांदा फरशीवर. पण खरा नमुना होता काटा. निकेल म्हणजे इथलं पाच सेंटचं नाणं. कोरं असलं तर बरोबर पाच ग्रॅम भरतं. काट्यावर ठेवलं तर चार पॉइंट आठ. परत ठेवलं, पाच पॉइंट तीन. गॅरेजमधला फ्रीज सुरू झाला की आकडा वाढायचा. मी शिंकले तेव्हा तो शून्यावर गेला आणि परत यायला पाच मिनिटं लागली. अशा काट्यावर काका बंदुकीची दारू मोजणार होते. मी इतकी भडकले की काका म्हणाले, "मी बसमध्ये चाळीस वर्षं पोरांना ओरडलो. आता कळलं त्यांना कसं वाटत असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चमधल्या एका मित्राचा जुना दांडीचा काटा मागून आणला. तो मी पास केला.

पुंगळ्या मात्र मी एकेक करून भिंगाखाली घातल्या, ते फुटायच्या आधी. जुनं पितळ. काहींच्या मानेला केसाएवढी चीर. अशी पुंगळी पुन्हा भरली तर बंदुकीतच फाटू शकते, आणि बंदूक काकांच्या गालाला टेकलेली असणार. एकोणीसपैकी पाच रिजेक्ट. आमच्या कारखान्यात रिजेक्ट मालाला लाल ठिपका द्यायची पद्धत. लाल रंग कुठून आणू? सासूबाईंची ओल्या कुंकवाची बाटली होती, झाकणाला काडी असलेली. ती घेऊन गेले आणि पाच पुंगळ्यांच्या बुडाला सुरेख लाल ठिपका दिला. चौदा कोऱ्या ठेवल्या. सगळ्या एका ताटात मांडल्या, बाटली शेजारीच विसरले आणि जेवायला घरी आले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्रं, अवजारं पुजायचा दिवस. मला काय त्याचं? आमच्या घरात पुजायला भाजी चिरायची सुरी तेवढी. पण सासूबाई माझा मोबाइल राहिला म्हणून तो आणायला काकांच्या गॅरेजमध्ये गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने.

"तुला आठवण होती हे बघून बरं वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण पूजा अर्धवट टाकू नये. पाचालाच कुंकू लावून उठलीस. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? मी लावून टाकलं सगळ्यांना."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

पळत गेले. ताटात एकोणीस पुंगळ्या, एकोणीस लाल ठिपके, एकसारखे. प्रेसच्या दांड्यालाही कुंकू. त्या भिकार काट्यावर अक्षता, आणि काटा आयुष्यात पहिल्यांदा स्थिर आकडा दाखवत होता. भिंगाचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात. आणि माझ्यामागे दारात काका उभे.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. राग सासूबाईंवर काढायचा होता, पण बाटली मीच विसरले होते, रंग मीच निवडला होता. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला गेटपर्यंत सोडून आले असते. काका हसले नाहीत. पालथ्या बादलीवर बसले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "फाटकी पुंगळी चढवून मी भावाशेजारी उभा राहणार नाही. त्याला दिसत नाही, तो पळणार कुठे? सांगतो त्याला की जमलं नाही." ते इतकं शांतपणे म्हणाले की मला रडूच आलं. रिजेक्टबाई, ढसाढसा.

सासूबाई माझ्यामागे चालत आल्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी मराठीत सगळं ओकून टाकलं : चीर, लाल ठिपका, भाऊ, डोळे.

"चीरच बघायची ना? मग रडतेस काय?"

त्यांनी पदर खोचला. एक पुंगळी बोटांच्या चिमटीत उलटी धरली आणि बांगडीने वाजवली. टिंग. दुसरी. टिंग. तिसरी. टक्.

"ही गेलेली." बाजूला ठेवली.

"आई, असं नसतं हो ते..."

"चाळीस वर्षं माठ वाजवून घेतेय मी. एक गळका निघाला नाही. तू गप्प बस जरा."

काका बादलीवरून उठले. त्या गॅरेजमध्ये पंधरा मिनिटं टिंग-टिंग-टक् चाललं होतं. फ्रीज गुरगुरायला लागला तेव्हा सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की काकांनी जाऊन त्याचा प्लगच काढला. शेवटी ताटात चौदा राहिल्या आणि बाजूला पाच. मी दुसऱ्या दिवशी चांगलं भिंग विकत आणलं, जे रडण्याआधीच सुचायला हवं होतं, आणि सगळ्या तपासल्या. त्याच पाचांना चीर होती. सात वर्षांचा माझा अनुभव काचेच्या दोन बांगड्यांनी धुऊन काढला. सासूबाईंनी मला विचारलं, तुमच्या कारखान्यात चांगल्या मालाला काय म्हणता. मी म्हटलं, पास. मग दोन दिवस घरात ताक पास, पोळ्या पास आणि माझी आमटी रिजेक्ट.

काकांनी चौदा काडतुसं भरली. दाराबाहेर मी उभी, आत ते, आणि प्रत्येक मापाला मी ओरडून विचारायची, "दांडी स्थिर झाली का?" डबीवर त्यांनी तारीख घातली, दारूचं माप घातलं आणि खाली लिहिलं, 'तपासणी'. पुढे दोन रेघा आखल्या. एकीवर मी सही केली. दुसरीवर सासूबाईंनी, मराठीत, पूर्ण नावाने. जाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "हरणाला लागू नये म्हणून मी देवाला सांगितलंय. काकांना सांगू नकोस."

नोव्हेंबरात ते गेले आणि चार दिवसांनी परतले. आम्ही दोघी ट्रक दिसताच चपला न घालता बर्फात गेलो. काका उतरले आणि सासूबाईंना म्हणाले, "काका."

"वाजली?" मी विचारलं.

"एकच बार काढला. मातीच्या ढिगात. हरीण दिसलंच नाही." मी ते सांगताच सासूबाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले.

"आणि भाऊ?"

काकांनी हातमोजे काढले, परत घातले. "लहानपणी डॅड पहाटे एकटे बाहेर जायचे. त्यांचा पहिला बार ऐकू आला की उठून कॉफी ठेवायची, हे भावाचं काम असायचं. परवा मी बार काढून खोपटात परतलो. तो चाचपडत उठला होता, कॉफी ठेवली होती आणि टेबलावर कप मांडले होते. तीन."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मला लगेच कोपराने ढोसलं. "विचार ना, तिसरा कप कुणी प्यायला?"

मी विचारलं.

"अर्धा त्याने, अर्धा मी," काका म्हणाले. "त्यात दोन चमचे साखर होती. आम्ही दोघंही साखर घेत नाही."