न खोकणारा वर्ग

दिंडोशीच्या आमच्या शाळेत आठवीला बाहेरून बरीच मुलं येतात. शाळा सुरू झाली की या नव्या मुलांची क्षयरोगाची तपासणी होते. त्या वर्षी तपासणीच्या दिवशी मी वर्गात शिरले, तर आलं, लवंग आणि ज्येष्ठमध यांचा नुसता घमघमाट! तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई एकेकाला विचारत होत्या, "खोकला आहे का?" झाडून सगळ्यांचं उत्तर, "नाही." भर पावसाळ्यात आठवीचा अख्खा वर्ग एकदाही खोकत नाही, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"अरे, तोंडात काय कोंबलंय सगळ्यांनी?" मी खेकसले.

"बाई, खोकलं तर शाळेतून नाव काढतात ना!" पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आयांमध्ये ही आवई उठली होती आणि घरोघरी आल्याच्या वड्या थापल्या गेल्या होत्या. रोग शोधायचा तर खोकला ऐकू यायला हवा, आणि इथे तोच गायब. मी चांगलीच चिडले, पण हसू काही आवरेना.

खिडकीपाशी बसलेल्या मुलीकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. जूनमध्येच ती मालवणकडच्या गावातून मावशीकडे शिकायला आली होती. तोंडात खडीसाखर, चेहरा लालबुंद, खोकला गिळून गिळून डोळ्यांत पाणी. मी तिला व्हरांड्यात नेलं.

"बाई, काय निघाला तर मावशी माका परत धाडतली," ती म्हणाली.

मावशी घरी डबे करायची. घरात क्षय आहे असं कळल्यावर त्या घरचा डबा कोण घेईल? आणि गावी सातवीपुढे शाळाच नव्हती. परत जाणं म्हणजे शिक्षण संपणं, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं.

तरी समजूत घालून मी तिला डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. त्यांचं एक्स-रेचं यंत्र हातात धरता येईल एवढंच होतं. तिने श्वास रोखला आणि लॅपटॉपवर तिची छाती उमटली. विज्ञानाची बाई म्हणून मी फळ्यावर फुप्फुसं किती वेळा काढली असतील, पण माझ्याच वर्गातल्या मुलीची अशी कधी पाहिली नव्हती. कसल्या त्या नाजूक बरगड्या! त्यांच्यामध्ये जरासं डावीकडे कललेलं हृदय. मी थक्क होऊन बघतच राहिले. एवढं सगळं आत घेऊन ही पोर रोज माझ्यासमोर बसते, आणि मी तिला समास आखला नाही म्हणून ओरडते!

मग डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसाच्या वरच्या बाजूच्या पांढुरक्या डागावर बोट ठेवलं.

पुढे थुंकी तपासली. क्षयच निघाला. मावशीला फोनवर कळवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलं. मुलगी दाराला टेकून उभी होती. औषधं नेमाने घेतली तर हा आजार पूर्ण बरा होतो, असं डॉक्टरीणबाई समजावत होत्या. मावशी मान खाली घालून ऐकत होती. मी मनात वाद घालायची तयारी करून बसले होते.

"डबे कालच बंद केलंय," मावशी एकदम म्हणाली. "गिऱ्हाईकांका खरा ता सांगितलंय. आधी आमी घरची सगळी तपासून घेतंव, मगे बघूया."

घरची चूल ज्यावर पेटते तेच काम या बाईने कुणी न सांगता थांबवलं होतं. पण मुलीबद्दल ती अजून चकार शब्द बोलली नव्हती, आणि विचारायचा मला धीर होईना. दारातल्या मुलीने तर श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

मावशीने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, ह्यो जेवणाच्या आधी देवच्यो काय मागसून?"

"सकाळी, रिकाम्या पोटी."

"म्हणजे आता हिका लवकर उठवूक होया," मावशी म्हणाली, आणि पाकीट पिशवीत टाकून तिने मुलीपुढे हात केला.