समुद्र नसलेल्या देशाची काळजी

कारखान्यात माझा पहिलाच दिवस होता. डिस्पॅचच्या खोलीत मी दबकत पाऊल टाकलं, तर समोर एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ सलाईनच्या बाटल्यांनी भरलेला खोका कमरेपर्यंत उचलून उभे होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाजूला हो गं जरा," आणि खोका त्यांनी सरळ सोडून दिला. फरशीवर धाडकन आवाज झाला, मी किंचाळले. खोलीतल्या बाकीच्या माणसांनी मान वर करूनही पाहिलं नाही. गृहस्थ खाली बसले, पट्ट्या कापल्या, एकेक काचेची बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि समाधान झाल्यावर मला विचारलं, "नवीन का? नाव काय तुझं?" ते नेपाळकाका.

त्यांचं खरं नाव गायकवाड. पण ठाण्याच्या त्या आमच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना त्या नावाने हाक मारणारे फक्त मॅनेजर आणि पगारवाटप करणारा कारकून होते. कारखान्याचा माल देशभर जायचा, थोडा बंदरातून परदेशीही जायचा, त्याची काळजी काकांनी दुसऱ्यांवर सोडली होती. नेपाळला जाणारा माल मात्र त्यांचा. "ज्याला समुद्र आहे त्याचं काय, एक बंदर नाही तर दुसरं," असं ते म्हणत. "ज्याला समुद्रच नाही, त्यानं काय करायचं? दुसऱ्याच्या अंगणातूनच यायला पाहिजे ना त्याचं सगळं. मीठसुद्धा!" हे ते अशा चेहऱ्याने सांगत, की जणू त्यांच्या धाकट्या बहिणीला खडूस सासर मिळालंय.

कुठलीही गोष्ट पाठवायची म्हटली की त्यांचा एकच प्रश्न असे: "किती हात लागणार?" ठाण्याला आमचे हमाल माल चढवत, तो एक हात. सीमेवर आपला ट्रक रिकामा करून माल तिकडच्या ट्रकमध्ये भरत, ते आणखी हात. मग गोदाम, मग डोंगरात जाणारी छोटी गाडी, शेवटी कुणाची तरी पाठ. प्रत्येक हाताला खोका एकदा तरी आपटणार, असा काकांचा हिशेब होता, आणि म्हणून ते आधी स्वतःच आपटून बघत. आमचे मॅनेजर वैतागून म्हणत, "गायकवाड, चांगला माल फोडता तुम्ही!" काका शांतपणे म्हणत, "साहेब, इथं फुटली तर दुसरी देता येते."

काळजी करण्याचा त्यांचा उरक अफाट होता. गाडी इथून निघाली की कसारा घाट चढेपर्यंत ते घाटाची काळजी करत, घाट चढली की इंदूरची, इंदूर मागे पडलं की झाशीची. वर्तमानपत्रात आम्ही सोन्याचा भाव नाहीतर सिनेमाची जाहिरात बघायचो. काका उत्तर प्रदेशातल्या नद्यांना पूर आलाय का ते बघायचे. ड्रायव्हरचा फोन यायचा त्या दिवशी तो येईपर्यंत जेवणाचा डबा उघडायचा नाही, हा तर त्यांचा नेमच होता. काकूंच्या हातची वांग्याची भाजी टेबलावर गार होत असे आणि काका टेलिफोनकडे बघत बसत. मला दया यायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. शेजारी एक माणूस उपाशी बसलेला असताना आपला घास गिळणं काही सोपं नसतं. एकदा मी म्हटलं, "काका, तुम्ही जेवलात तर काय गाडी पंक्चर होणार आहे का?" त्यावर ते म्हणाले, "होणार नाही. पण झाली, तर मला वाटेल की मी जेवत होतो."

त्यांचा हुकमाचा ड्रायव्हर होता भोईर, टिटवाळ्याच्या अलीकडच्या एका गावचा. माणूस काळा, दणकट, बोलायला तापट आणि गाडी चालवायला गाईसारखा गरीब. ट्रंक कॉलवर तो इतक्या मोठ्याने ओरडे, की आमच्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाई. "काका, झाशी सोरली. जेवा आता!" असा त्याचा निरोप असे; सोडलीचं 'सोरली' हे त्याच्या गावचं बोलणं. काका लाजल्यासारखं हसत आणि डबा उघडत.

काकांची एक खोड मात्र कुणाला समजत नसे. ठाण्याहून नेपाळला माल पाठवणारे बहुतेक सगळे बिहारमधल्या रक्सौलच्या नाक्यावरून पाठवत. काका पाठवत सोनौलीच्या नाक्यावरून, गोरखपूरच्या वरच्या अंगाने. कारण विचारलं की म्हणत, "रक्सौलला रांग मोठी, धक्काबुक्की फार. सोनौलीला हात कमी लागतात." कारण पटण्यासारखं होतं. बाटल्याही खरोखरच कमी फुटायच्या. त्यामुळे मॅनेजरांनी तो विषय सोडून दिला होता.

मग ते एकोणनव्वद साल आलं. दोन्ही देशांमधला व्यापाराचा करार संपायला आला होता आणि नवा होण्याचं चिन्ह नव्हतं. काका वर्तमानपत्र घडी घालून खिशात ठेवत, तासाभराने पुन्हा काढत. नेमका त्याच सुमारास डोंगरातल्या एका लहानशा इस्पितळातून फोन आला. तिथला भांडारपाल थापा अधूनमधून आमच्याशी बोलत असे, ओळखीचाच होता. त्यांच्या भागात जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली होती, लहान पोरं आणत होते लोक, आणि सलाईन संपत आलं होतं. काकांनी सगळी कामं बाजूला सारून गाडी भरली. भोईर निघाला. जाताना काका त्याला म्हणाले, "सांभाळून जा रे, पण जरा लवकर." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला लवकर जायला सांगितलं असावं.

भोईरचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. या वेळी त्याने जेवायला सांगितलं नाही.

"काका, नाका बंद केलाय यांनी! गारी मांगं घ्या, सांगतान. दोनच नाके उघरे ठेवलेत, त्यातला एक रक्सौल. आपला हा नाय त्यात."

"तू आहेस कुठे?"

"नाक्यावरच. समोर कमान दिसतंय नेपालची. पोरगा दगर मारील तर पलीकरं परंल, एवरी जवल."

मग भोईर आणखी मोठ्याने ओरडला, "काका, मी गारी सोरून येनार नाय. तुमी काय त्या करा."

गाडी रक्सौलला वळवावी, एवढं सोपं ते नव्हतं. मालाच्या कागदांवर नाक्याचं नाव असे. नाका बदलला की कागद नव्याने करून सही-शिक्के आणायचे. काका रोज कस्टम्सच्या कचेरीत जाऊन बसू लागले. तिथला माणूसही बिचारा गोंधळलेला होता; वरून काही सूचनाच नव्हती, तो कशावर शिक्का मारणार? काका परत आले की मी काही विचारत नसे. थापाचा फोन रोज येई. पहिल्यांदा तो विचारी, "गाडी कहाँ पहुँची, काकाजी?" नंतर नुसतंच, "काकाजी?" एवढंच म्हणून थांबू लागला. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती बसली, की घंटा वाजली तरी मी फोन उचलायचं टाळू लागले.

अशाच एका दुपारी काका माझ्या टेबलाशी येऊन बसले. चेहरा उतरलेला, डबा तसाच.

"शैला, तुला एक विचारू? खरं सांग हं. सोनौलीला हात कमी लागतात, हे मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं नाही. पण सोनौलीहून लुंबिनी अगदी जवळ आहे गं. आमच्या बुद्धाचा जन्म झाला ती जागा. आपला माल त्या वाटेनं जातो, या विचारानं मला बरं वाटायचं. आता मला कळत नाहीये, मी तो नाका बाटल्यांसाठी धरला होता, की स्वतःसाठी?"

"काका, नाका बंद होणार हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं?" असं काहीतरी म्हटलं मी.

"होईल असं वाटत होतं. रोज वाचत होतो ना! गाडी भरताना रक्सौल लिहायला हवं होतं, तो मोठा नाका सहसा बंद करत नाहीत. हात सवयीनं सोनौलीकडे गेला." ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "तिकडे पोरं आहेत गं लहान."

मी खाली मान घालून टंकलेखन करत राहिले. कागदावर काय उमटत होतं ते मला दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

अखेर शिक्के मिळाले. टपालावर काकांचा विश्वास नव्हता, आणि तेव्हा तर स्वतःवरही नव्हता. पण कागद घेऊन तेच निघाले. कल्याणहून गोरखपूरची रेल्वेगाडी पकडली. बसायला जागा नव्हती, दाराशी ट्रंकेवर टेकून गेले असं नंतर कळलं. सोनौलीला भोईर ट्रकखाली चादर अंथरून पडला होता, दाढी वाढलेली, आणि खोक्यांवरची ताडपत्री मात्र कडक बांधलेली. दोघांनी मिळून गाडी रक्सौलला नेली. तिथे सगळ्या देशाचा माल एकाच दारातून शिरायला बघत होता. रॉकेल, कापड, औषधं, सगळं एकामागे एक उभं. काका रांगेतल्या प्रत्येक माणसाला हात जोडत पुढे सरकले, म्हणे. "दवाई है भाई, बच्चों की दवाई है." कुणी सरकू दिलं, कुणी नाही. त्यांचा माल पलीकडे गेला तेव्हा ते तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि उठेनात. शेवटी भोईरने दंडाला धरून उठवलं.

परत आल्यावर ते फोनची वाट बघत राहिले. फोन आला. लाइन खरखरत होती, म्हणून मी दुसऱ्या रिसीव्हरला कान लावला.

"काकाजी, माल पहुँच गया. एक भी बोतल नहीं टूटी." थापाचा आवाज फार हळू होता. "लेकिन वॉर्ड खाली है अब. बीमारी निकल गयी, काकाजी. कुछ लोग भी."

काकांनी "अच्छा" म्हटलं. मग पुन्हा एकदा "अच्छा" म्हटलं. आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

मॅनेजर चांगले गृहस्थ होते. त्यांनी समजूत घातली, "गायकवाड, सलाईन काही नासत नाही. पुढच्या वेळी उपयोगी पडेल." काकांनी मान हलवली. पण त्यानंतर मी त्यांना खोका आपटताना कधी पाहिलं नाही. ते काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं आणि स्वतः नाक्यांची चौकशी करत बसू लागले. कुठला उघडा, कुठला बंद, कुठे किती खोळंबा. पुढे नवे करार झाले, बंद नाके उघडले, सगळे ते विसरूनही गेले. काका मला एकदा म्हणाले, "ज्या घराची कडी बाहेरून असते ना शैला, त्यातल्या माणसाला किती भीती वाटत असेल! आणि कडी आपल्या बाजूला असून आपल्याला त्याची आठवणही नसते." आजही कुठे सीमा बंद झाल्याची बातमी वाचली की मी आधी शोधते, कुणाच्या औषधाच्या गाड्या अडकल्यात. हे लोढणं काकांनी माझ्या गळ्यात घातलं. मी ते काढूही शकले नसते, आणि काढावं असं वाटलंही नाही.

ते निवृत्त झाले, मीही दुसरीकडे नोकरी धरली. नौपाड्यात कधीतरी बाजारात भेटत, "बरी आहेस ना, पोचलीस की घरी फोन करत जा," असं काहीतरी म्हणत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ते गेल्याचं भोईरकडून कळलं. मी कोपरला त्यांच्या घरी गेले. काकू शांत होत्या. बोलता बोलता मी विचारलं, "काकू, काका लुंबिनीला जाऊन आले का हो कधी?"

"गेलो होतो की! दोन वर्षं झाली. कल्याणहून बस निघाली होती आमच्या लोकांची. सगळी स्थळं केली, शेवटी सोनौलीचा नाका आला. तर हे खाली उतरले, आणि तिथेच राहिले."

"म्हणजे?"

"अगं, एका ट्रकमध्ये औषधं होती. ड्रायव्हर नवखा पोरगा, कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता. मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आम्ही लुंबिनीला गेलो, दर्शन घेतलं, संध्याकाळी परत आलो, तर हे तिथंच. शर्टाला घाम, तोंड धुळीनं माखलेलं. मी चिडले. म्हटलं, आयुष्यभर जायचं म्हणत होतात, आणि दारातून परत फिरलात? तर म्हणाले, गाडी गेली गं पलीकडे. आत्ताच गेली."

काकूंनी पदराने चष्मा पुसला.

"मग बस सुटली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना असं गाढ झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला सवयच नव्हती ना. गोरखपूर येईपर्यंत सारखी छातीवर हात ठेवून बघत होते, श्वास चाललाय ना म्हणून."