मिनूच्या श्लोकातलं ‘फस्स’

हसा खुशाल, पण हे आमच्या वरच्या मजल्यावर पोचता कामा नये. वर माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात, मेधावहिनी, आणि माझ्या वेडेपणाची सुरुवात तिथूनच झाली.

आमच्या मराठी समाजाची मुलांसाठी श्लोकपठण स्पर्धा होती. घरी रेकॉर्ड करून पाठवायचं. वहिनींनी त्यांच्या सईचं रेकॉर्डिंग फॅमिली ग्रुपवर टाकलं. आवाज कसला, काचेसारखा! मी अंगठा पाठवला आणि दिवसभर जळत बसले.

माझी मिनू सहा वर्षांची. आवाज गोड आहे हो, आई म्हणून नाही सांगत. बरं, आई म्हणूनच सांगतेय! पण लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, तर प्रत्येक ओळीनंतर ‘फस्स’. टायरमधली हवा गेल्यासारखं.

वहिनींना अगदी सहजच विचारल्यासारखं विचारलं.

“अगं, लॅपटॉपच्या बिल्ट-इन साउंडवर करतेस? मग खरखर येणारच! आम्ही वेगळं साउंड कार्ड लावलंय ना. तुला नाही जमलं तर सईच्या बाबांना खाली पाठवते हं.”

पाठवते हं! मी तडक मल्हारगंजातलं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

“भाभीजी, बिल्ट-इन से भी काम चल जाएगा,” दुकानदार म्हणाला. “पहले सुनाओ तो सही, आवाज कैसी आ रही है.”

“सुनना-विनना कुछ नहीं, भिया! कार्ड दो. और हमारी जेठानी के कार्ड से बड़ा दो!”

घरी नवरा म्हणाला, “दोन मिनिटांच्या श्लोकाला एवढं कार्ड?” मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तो गुपचूप वायरी जोडायला बसला.

मिनूने श्लोक म्हटला. मी हेडफोन लावला. फस्स! आणि आता तर कुणी कानातच फुंकर मारल्यासारखं, स्वच्छ, खणखणीत फस्स!

एंट्री पाठवायचा तो शेवटचा दिवस. लॅपटॉप, कार्ड, मिनू, सगळी वरात घेऊन परत दुकानात.

“भिया, पीस खराब है!”

त्याने हेडफोन काढून बाजूला ठेवला. “बेटा, ऐसे ही बोलो. बिना माइक के.”

मिनूने हात जोडले. पहिली ओळ. फस्स. दुसरी ओळ. फस्स.

“मिनू! हे काय करतेस?”

“आई, ते श्लोकातलंच आहे ना! तू रोज दिवा लावताना असंच म्हणतेस.”

मी? उसासा? रोज?

“आणि तिसऱ्या ओळीनंतर मोठ्ठा करायचा,” मिनूने दुकानदाराला समजावलं. “तेव्हा वर सईदीदीचं पाठांतर सुरू होतं.”

दुकानदार माझी नजर चुकवून शटरकडे बघत म्हणाला, “भाभीजी, कार्ड तो एकदम ओके है. जो है, वही सुना रहा है.”

तिथेच बसून मिनूचे उसासे बंद करायचा प्रयत्न केला. उसासा गाळला की पोरीला पुढची ओळच आठवेना!

शेवटी काय केलं असेल? लॅपटॉपचं जुनं रेकॉर्डिंगच पाठवून दिलं. त्यात निदान मशीन बिघडलंय असं तरी वाटतं!