ओट्यावरची बेल

शिरूरच्या एसटी स्टँडमागं रेडिओ दुरुस्त करणारे एक मामा होते. त्यांच्यामुळं मी या गावात टिकले, पण त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन मी परभणीकडून इथं आले. नवऱ्याची कारखान्यात सेकंड शिफ्ट. दिवेलागणीनंतर ओट्यावर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. मी माहेरी जायला पिशवी भरली, तेव्हा नवरा मामांना घेऊन आला.

मामा वायर दातांनी सोलत आणि उरलेला तुकडा खिशात ठेवत. पत्र्याच्या दोन पट्ट्यांमध्ये त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, वर गोणपाट अंथरलं. पाय पडला की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, घरात बेल वाजायची आणि ओट्यावरचा दिवा आपोआप लागायचा. लाईट गेली तरी जुन्या बॅटरीवर चालायचं सगळं.

"मांजर आलं तर?" मी विचारलं.

"मांजराला न्हाई वाजत ताई. माणसाचं वजन लागतं."

"तुमच्या घरी आहे का अशी?"

"हाय की. मालकीण होती तवा तिच्यासाठी केलती." ते गोणपाट सारखं करत राहिले. "आता मी मागच्या दारानं जातो. म्हंजी बेल वाजली की समजायचं, कुणीतरी आलंय. अजून तरी वाजली न्हाई."

मी पिशवी रिकामी केली.

पुढं त्यांचं दुकान बंद झालं. घर वडगाव रासाईला आहे, एवढंच कळलंय. एक दिवस मी ते शोधून काढीन आणि पुढच्या दारानं जाऊन त्यांच्या ओट्यावर उभी राहीन.