मैत्रिणीचा क्लायंट

नव्वदच्या दशकात मी आणि माझा एक सहकारी शालिमार चौकाजवळ एका टॅक्स प्रॅक्टिशनरच्या ऑफिसात काम शिकलो. आमचे ते सर कडक होते आणि दोघांपैकी माझ्या कामावर जास्त खूश होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी बाजू पडती वाटण्याचा संभव आहे. माझा सहकारी चांदवडकडचा, घरी कांद्याची शेती. सेल्स टॅक्सचं एखादं कलम त्याला एकदा वाचून कळायचं नाही. पुस्तक उघडं धरून तो माझ्या टेबलाशी यायचा. "ताई, हे जरा मराठीत सांगा ना." मी सांगायची. तेव्हा मला त्याचा काही त्रास नव्हता.

सरांनी काम थांबवलं तशी आम्ही आपापली ऑफिसं थाटली, मी गंगापूर रोडला आणि त्याने सिडकोत. पहिल्याच वर्षी तो करसल्लागारांच्या संघटनेचा मेंबर झाला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही पण फॉर्म भरा. दर शनिवारी संध्याकाळी स्टडी सर्कल असतं. लय शिकायला मिळतं."

"कायदा पुस्तकात छापलेला असतो," मी म्हणाले. "तो वाचायला मला गर्दी लागत नाही."

खरं तर त्या हॉलमध्ये बहुतेक सगळे पुरुष, आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि स्वयंपाक. पण ही कारणं सांगायची मला लाज वाटायची. त्यापेक्षा गर्व बरा दिसायचा.

मग माझा जळफळाट सुरू झाला. एखादं परिपत्रक माझ्या हातात पडेपर्यंत याचं त्यावर वाद घालून, चहा पिऊन झालेलं असायचं. सेल्स टॅक्स ऑफिसच्या जिन्यात लोक त्याला थांबवायचे. "काय साहेब, शनिवारी दिसला नाहीत?" त्याच जिन्यात मी अंग चोरून वर चढायची. कुणी ओळखलंच तर 'सरांच्या ऑफिसातल्या बाई' म्हणून. एवढ्या वर्षांनी स्वतःच्या नावाची पाटी लावूनही मी सरांच्याच ऑफिसातली!

एका पावसाळ्यात संघटनेचं निवासी शिबिर इगतपुरीला झालं. तिथून तो सर्दी आणि एक रेक्झिनची बॅग घेऊन परत आला. बॅगेवर संघटनेचं नाव छापलेलं. इतकी सुमार बॅग की तिची चेन लगेच तुटली, तरी हा ती मिरवत हिंडायचा. मला ती बॅग हवी होती. घरी मी नवऱ्यापाशी नाक मुरडलं, असल्या बॅगा रविवार कारंज्यावर ढिगाने मिळतात म्हणून. "मग घे की एक," तो म्हणाला. काही माणसांना काही म्हणजे काही कळत नाही.

पुढे तर संघटनेने त्याला व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय कोणता, तर मी त्याला टेबलाशी उभं करून समजावलेलं कलम. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन माझ्या ऑफिसात हजर. "ताई, तुम्ही शिकवलं व्हतं तसंच्या तसं सांगितलं बघा." त्याच्या तोंडावर इतका निर्मळ आनंद होता की त्याला टाकून बोलायचीही सोय नव्हती. मी पेढा खाल्ला आणि दिवसभर माझं पोट दुखत राहिलं.

दोन हजार पाचला सेल्स टॅक्स जाऊन व्हॅट आला. जुनं ज्ञान बरंचसं मोडीत निघालं, आणि सगळेच नव्याने कायदा वाचायला बसले. मी नेहमीसारखी एकटीच बसले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक क्लायंट होता, नट-बोल्ट आणि बेअरिंगचा दुकानदार. माझ्या ऑफिसचा पहिला क्लायंट, आणि अंबडची बाकीची कामं त्याच्याच शब्दावर आलेली. नव्या कायद्यात किरकोळ विक्रेत्यांसाठी एक सोपी योजना होती, कर कमी आणि कटकटही कमी. दुकान आहे, शटर आहे, काउंटर आहे, म्हणजे हा किरकोळ विक्रेता, असा मी हिशेब केला आणि त्याला त्या योजनेत टाकून मोकळी झाले.

तो जूनमध्ये धापा टाकत आला. "मॅडम, कंपनीवाले माल घेईना झालेत. म्हणतात, तुझ्या बिलात टॅक्स वेगळा दिसत नाय, आम्हाला त्या टॅक्सची वजावट भेटत नाय. दुसरीकडून घेऊ."

त्या योजनेत बिलावर कर वेगळा लावता येत नसे, हे मला ठाऊक होतं. त्याचा बहुतेक माल काउंटरवरून नव्हे, तर मागच्या दाराने टेम्पोत भरून कारखान्यांत जातो, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. मी सेल्स टॅक्स ऑफिसात गेले. साहेबांनी वर न बघता सांगितलं, एकदा योजना घेतली की वर्षभर बदल नाही. दुकानदार जाताना म्हणाला, "मेहुणा म्हणतोय, दुसरा माणूस बघ." तो गेला असता तर त्याच्यामागून सगळं अंबड गेलं असतं. शिवाय का गेलं, हे त्या जिन्यात सगळ्यांना कळलं असतं.

शेवटी मी सिडकोत गेले. माझ्या सहकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, पण हसला नाही. "शनिवारी विचारतो," म्हणाला.

"माझं नाव निघता कामा नये."

"नाय निघणार, ताई."

सोमवारी तो उत्तर घेऊन आला. संघटनेतल्या एका ज्येष्ठ मेंबराने नुकतीच अशीच एक केस सोडवली होती. ज्याचा माल कारखान्यांना जातो तो या योजनेत मुळात बसतच नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती चुकीची होती असा अर्ज करायचा आणि पुरावा म्हणून विक्रीची बिलं जोडायची. अर्जाचा नमुनाही त्याने आणला होता. साहेबांनी कुरकुर केली, पण अर्ज मंजूर झाला. दुकानदार टिकला, त्याचा मेहुणा गप्प बसला, आणि मी निमूटपणे मेंबरशिपचा फॉर्म भरला.

पहिल्या शनिवारी मी हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले. माझा सहकारी पुढे होता. व्याख्यान संपल्यावर शंका विचारायची वेळ आली. एक गृहस्थ उभे राहिले. "माझ्या एका मित्राच्या क्लायंटचा प्रश्न आहे." सगळा हॉल हसला. दुसरे उठले, तर त्यांच्याही मित्राचाच क्लायंट. पुन्हा हशा.

माझ्या शेजारी एक पिकल्या केसांचे मेंबर होते. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "आमच्याकडे अशीच पद्धत आहे, मॅडम. घोळ आपण घातलेला असतो, पण क्लायंट मित्राचा." मग पुढे बोट दाखवून म्हणाले, "हा बघा. मध्यंतरी हा तर मैत्रिणीचा क्लायंट घेऊन आला होता. कारखान्यांना नट-बोल्ट विकणाऱ्याला किरकोळ विक्रेता करून ठेवलेलं! अध्यक्षांनी सगळ्यांसमोर झापला त्याला. व्हॅटवर त्याचं व्याख्यान ठरलं होतं, तेही दुसऱ्याला दिलं. चकार शब्द बोलला नाही बिचारा."

मला भरून यायला हवं होतं, पण मला राग आला. माझ्याकडून शिकलेला हा माणूस, आणि एवढं मोठं मन त्याच्याकडे असावं? माझी चूकसुद्धा याने माझ्यापेक्षा चांगली निभावून न्यावी? मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले.

"तो नट-बोल्टवाला माझा क्लायंट आहे," मी म्हणाले. "चूक माझी होती. यांची नाही."

माझा सहकारी वळून माझ्याकडे बघत राहिला. मग अध्यक्ष माइकजवळ आले.

"बघा मंडळी," ते म्हणाले, "याला म्हणतात मैत्री. सहकाऱ्याची चूक बाईंनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या अंगावर घेतली. संघटना ती हीच."

"अहो, नाही, खरंच माझी," मी म्हणत होते, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पिकल्या केसांच्या त्या मेंबरांनी कौतुकाने मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या व्यवसायातली माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्या खरं तर त्याच्या होत्या. पहिल्या रांगेत तो हसत हसत सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.