चांगूआयची रेघ

चांगूआय माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायची. आधी पाहायची ती पायांकडे, आणि तेही माणूस समोर नसताना. सकाळी सगळे मिठागरावर गेले की डोक्यावर पदर घेऊन ती बांधावर यायची आणि ओल्या चिखलात उमटलेली पावलं बघत सावकाश चालायची. मध्येच थांबायची, वाकायची, आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलायची. "गनपानं टाच उचललीय. भेग चिरली व्हयल मेल्याची." संध्याकाळी गणपा खरोखरच टाच उचलत तिच्या ओट्यावर यायचा आणि तिला कसं कळलं म्हणून तोंडाकडे बघत राहायचा.

"सगला पाय टेकला पायजे," हे तिचं नेहमीचं बोलणं. "ज्याचा सगला पाय भुईला टेकतो, त्याचा बाकीचा दुखना मी बगून घेईन."

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. शेती खारी, धंदा मिठाचा. मार्गशीर्षापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत आमची माणसं घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभी असत. त्या पाण्यानं तळवे आधी सोलायचे, मग कातड्यासारखे टणक व्हायचे, मग तडकायचे. गुडघे धरायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे. या सगळ्याला गावात एकच दार होतं, चांगूआयचं. ती आमची शेजारीण, बाबांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेली, मूलबाळ नसलेली. कुणाच्या भेगांत कोकमतेल भरायची, कुणाचा गुडघा निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची, कुणाच्या पोटरीला तापल्या वाळूची पुरचुंडी लावायची. काटा तर असा काढायची की माणूस "काढ ना आता" म्हणायचा तेव्हा काटा तिच्या तळहातावर असायचा.

पण तिचा खरा हट्ट वेगळाच होता. मिठागरावरून आलेल्या प्रत्येकानं गोड्या पाण्यानं पाय धुवावेत आणि बोटांच्या मधली जागा फडक्यानं कोरडी करावी, असं तिचं म्हणणं. आमच्या गावात गोडं पाणी अर्ध्या कोसावरून बायका डोक्यावर आणत. ते पायांवर ओतायचं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटे. बाबा तर तिची थट्टाच करत. "बाय, प्यायला पानी न्हाय, आन पायांना आंगोल घालू?"

"घाल. घरात बसलास तर पानी कोन आननार हाय तुला?"

दुसरंही एक कारण होतं. मिठात काही कुजत नाही, यावर आमच्या लोकांचा पक्का विश्वास होता. मासे मिठात टिकतात, कैरी टिकते, मग माणसाचा पाय का नाही टिकणार? जखम झाली की आमची माणसं बाहेर यायची नाहीत, उलट तोच पाय खाऱ्या पाण्यात अधिक वेळ ठेवायची. चांगूआय एकटी याच्या विरुद्ध होती. पण का, ते ती सांगत नसे.

मी मुंबईला कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मे महिन्यात घरी आलो, त्या सुट्टीतली ही गोष्ट. आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिला. रेवसला लाँचमधून उतरलो तर बाबा मला न्यायला आले होते, आणि माझी पुस्तकांची पेटी त्यांनी वाटेत एकदाही माझ्या हातात दिली नाही. त्या पेटीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

आठवड्यानं त्यांच्या उजव्या पायाला कालवाच्या शिंपीची धार लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोहोंच्या मध्ये. त्यांनी पाय मला दाखवला आणि विचारलं, "तुज्या पुस्तकात काय लिवलंय याच्यावर?"

पुस्तकात त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पण बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं. "माहीत नाही" म्हणायला मला लाज वाटली. मी म्हणालो, "मिठानं सडण्याची क्रिया थांबते, असं आहे बाबा." त्यांना केवढं समाधान वाटलं! "म्हंजे आमी म्हनतो तेच," असं म्हणून ते परत पाण्यात उतरले. पाऊस यायच्या आत मीठ उचलायचं होतं. ते चार दिवस उतरत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी चांगूआय आमच्या दारात आली. आईशी बोलली नाही, माझ्याशी बोलली नाही. बाबा न्याहारी करत होते, त्यांच्यासमोर बसली.

"धर्मा, दोन दिस झाले, तुजा उजवा पाय निसता टाचेवर चाललाय. बोटा कुठं ठेवलीस?"

"अगो, चिखल हाय, घसरतो."

"चिखल सगल्यांना हाय. पाय दाव."

बाबांनी पाय धोतराखाली ओढून घेतला. तिनं तो घोट्याला धरून बाहेर काढला. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. दोन्ही बोटं काळसर पडली होती, पाऊल सुजून तकतकीत झालं होतं, आणि लाली वर घोट्याकडे निघाली होती. चांगूआयनं बोटानं दाबून पाहिलं, वास घेतला, बाबांच्या कपाळाला हात लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती आता तेल मागेल, पाला मागेल, असं मला वाटत होतं. तिनं काहीच मागितलं नाही. चुलीतला कोळसा घेऊन तिनं लाली जिथं संपत होती तिथं पायाभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. घामानं कोळसा फिसकटला.

"हरी, तुजी शाई आन."

मी दौत आणि टाक आणला. ती दाखवील तिथून मी बाबांच्या पायाभोवती निळी रेघ काढू लागलो. रेघ वाकडी जात होती.

"परीक्षेत असाच लिवतोस काय रं?" ती म्हणाली. मग बाबांकडे वळून ती म्हणाली, "आता आयक. भरती दुपारची हाय. भरतीला होडी सुटंल ती तालुक्याच्या दवाखान्याखाली लागंल. तवर ही लाली रेघेच्या आत राह्यली, तर तू माजा. रेघ वलांडली, तर तू डाक्तरचा."

"मी कुठं जानार न्हाय," बाबा म्हणाले.

ती सकाळ मी कधी विसरणार नाही. बाबा ओट्यावर पाय उशीवर ठेवून पडले होते. मी एकदा रेघेकडे बघायचो, एकदा खाडीकडे. खाडीत चिखल उघडा पडला होता, होड्या कलंडलेल्या होत्या. पाणी यायला हवं, असं वाटायचं. आणि पाणी येतंय म्हणजे वेळ संपतेय, असंही वाटायचं. आई तुळशीपाशी जाऊन येत होती. चांगूआय मात्र हलली नाही. ती रेघेवर डोळे लावून बसली होती. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, माझंच, मिठाबद्दलचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

होड्या सरळ होऊ लागल्या तेव्हा चांगूआयनं मला खूण केली. मी वाकलो. निळ्या रेघेच्या वरच्या बाजूला, घोट्याकडे, दोन बोटं रुंदीची लाल कातडी होती. सकाळी ती तिथं नव्हती.

"उठ धर्मा," ती म्हणाली.

"बाय, तूच काय ते कर. तुज्या हाताला गुन हाय. थितं गेलो तर पाय तोडतील. हिरूचा तोडला."

हिरू आमच्याच आळीतला. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात गेला तो एक पाय घेऊन, काठीवर परत आला. तेव्हापासून गावात दवाखान्याचं नाव कुणी काढत नसे.

ओट्याखाली एव्हाना आळीतली पाचसात माणसं जमली होती. चांगूआयनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिरूचा पाय दवाखान्यानं न्हाय तोडला. मी तोडला."

ती तशीच पुढे सांगत राहिली.

"आठ दिस त्याचा पाय मी पाल्यात बांधून ठेवला. रोज म्हनलं, उद्या उतरंल. माज्या हाताला गुन हाय, असा मना पन वाटायचा. दवाखान्यात नेला तवा डाक्तर म्हनला, चार दिस आदी का न्हाय आनलास? मी घरी येऊन कुनाला सांगितला न्हाय. हिरूनं पन सांगितला न्हाय. त्या दिसापासून मी रेघ मारते." मग ती बाबांकडे वळली. "आता तुला माजा हात पायजे, का पाय पायजे?"

बाबा उठले. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं गणपा, असं धरून आम्ही त्यांना होडीत घातलं. आई घर सोडून येऊ शकत नव्हती, धाकटी भावंडं होती. चांगूआय कुणी न सांगता होडीत येऊन बसली.

खाडीच्या मध्यावर बाबांना ग्लानी आली. मला राहवलं नाही. मिठाबद्दल मी काय बोललो होतो ते मी तिला सांगून टाकलं. ती रागवेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं बहुतेक. ती पदरानं बाबांवर वारा घालत होती, तो हात तिनं थांबवला नाही.

"पुस्तकानं मीठ पायलंय," ती म्हणाली. "तुज्या बापाचा पाय पुस्तकानं न्हाय पायला. तू पायला व्हतास." थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाली, "ठाव न्हाय म्हनायला शीक. मना ते शिकायला हिरूचा पाय लागला."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी पायाला चीर देऊन पू काढला. दोन बोटं गेली. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. पुढचे नऊ दिवस ताप चढायचा आणि उतरायचा, आणि रोज सकाळी डॉक्टर पट्टी सोडायचे तेव्हा मी श्वास धरून उभा राहायचो. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "पाय राहिला." मग घोट्याजवळ पुसट झालेल्या निळ्या रेघेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही कुणी काढली? ही बघून मी त्या दिवशी वाट पाहत बसलो नाही."

चांगूआयनं माझ्याकडे बोट केलं. "त्यानं. मना कुठं लिवता येतं?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझ्या पोटरीला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

गावात परतल्यावर मात्र तिच्या ओट्यावर चारपाच दिवस कुणी फिरकलं नाही. तिनं सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. ती दाराशी बसून निर्गुडीचा पाला निवडायची आणि बांधाकडे बघायची. मला वाटायचं, आपल्या घरासाठी हिनं स्वतःचं सगळं घालवलं. मग एका संध्याकाळी हिरू काठी टेकत आला. तिच्या ओट्यावर बसला, काठी बाजूला ठेवली आणि उरलेला पाय तिच्यासमोर पसरला.

"टाच फुटलीय," तो म्हणाला. "येवढा तरी नीट ठेव माजा."

तिनं मान वर केली नाही. तांब्यातलं गोडं पाणी त्याच्या पायावर ओतलं आणि पदरानं बोटांच्या मधली जागा पुसत कितीतरी वेळ बसली. दुसऱ्या दिवशी गणपा आला. मग बाकीचे आले.

बाबा पुढच्या हंगामात पुन्हा मिठागरावर उतरले. मी कॉलेज सोडावं असं घरात एकदाही कुणी म्हणालं नाही. सुट्टीत घरी आलो की चांगूआय मला बांधावर घेऊन जायची. "ह्यो बग, तीन बोटांचा धर्मा. बरोबर चाललाय का, सांग." मी बघून सांगायचो. चुकलो तर ती म्हणायची, "बी.ए. व्हयाला अजून टाइम हाय तुला." एखादं पाऊल मला कळायचंच नाही. तेव्हा मी "ठाऊक नाही" म्हणायचो, आणि ती खूश व्हायची.

मी बी.ए. झालो त्याच वर्षी, पौषात, ती गेली. तीन दिवसांचा ताप. तार मिळून मी पोचलो तेव्हा तिला उचलत होते. बांधाच्या वाटेनं नेलं. मिठागरात नुकतंच पाणी घेतलं होतं, बांध ओला होता. परतताना मी मुद्दामच सगळ्यांच्या मागे राहिलो.

सगळं गाव त्या चिखलात उमटलं होतं. खांदा देणाऱ्यांची खोल पावलं, गणपाची रुंद टाच. हिरूचा एकच पाय, आणि शेजारी काठीची गोल भोकं, अगदी शेवटपर्यंत. आणि खांदेकऱ्यांच्या रांगेत, उजव्या बाजूला, तीन बोटांचं एक पाऊल. मी वाकलो, तिनं शिकवल्यासारखं जवळून पाहिलं. टाच उमटली होती, तळवा उमटला होता, तिन्ही बोटं उमटली होती.

"सगळा पाय टेकलाय, चांगूआय," मी म्हणालो, आणि पुढे चाललेल्या बाबांना गाठायला निघालो.